पुढून ऑफिस, मागून मोजे

मित्रांनो, मी कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड आहे. वयाने जुना, एका पायाने किंचित लंगडा आणि स्वभावाने संशयी. पाय नंतर बिघडला. स्वभाव जन्मापासूनचा.

जन्म दिल्लीतला, मायापुरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथे माझ्या नळ्या कापल्या, वाकवल्या, बिजागऱ्या ठोकल्या, पायांत रबरी बुचं बसवली. मग एका माणसाने माझ्या अंगावर 'स्टेनलेस स्टील' अशी छापील पट्टी चिकटवली. माझ्यात स्टेनलेस असं काहीही नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघंही गप्प बसलो. तेव्हापासून कोणी छातीठोकपणे काही सांगू लागलं, की मी त्याच्या अंगावरची पट्टी शोधू लागतो.

तिथून मी दिल्लीतल्याच द्वारकेच्या आठवडी बाजारात आलो. विकणारा ओरडत होता, "आंटी जी, पूरी रज़ाई डाल दो, हिलेगा नहीं!" ज्या आंटी जी थांबल्या त्यांचं नाव पार्वतीबाई. त्यांनी दोन्ही हात माझ्या वरच्या दांड्यावर ठेवले आणि सगळा भार टाकला. मी हललो.

"हिल तो रहा है," पार्वतीबाई म्हणाल्या.

"आंटी जी, ये नहीं हिल रहा, ज़मीन हिल रही है. दिल्ली में तो भूकंप आता रहता है."

पार्वतीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला. तरी त्यांनी मला घेतलं. खोटं बोलणाऱ्याचा माल कधीकधी खरा निघतो, असं त्या म्हणत.

मी ज्या घरात आलो ते एका सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरचं घर. पार्वतीबाईंचे यजमान अण्णासाहेब केंद्र सरकारात अवर सचिव होते. सगळी नोकरी दिल्लीत झाली. घरात मराठी बोलायचे, रागावायचे मात्र हिंदीत, कारण रागावण्याचा सराव त्यांनी ऑफिसातच केला होता. त्यांचा मुलगा परीक्षित, त्याची बायको अश्लेषा आणि त्यांची छोटी मुलगी तनया हे बाकीचे रहिवासी.

माझी सुखाची वर्षं बाल्कनीत गेली. पार्वतीबाई कपडे करकचून पिळायच्या, झटकायच्या, मग माझ्या अंगावर घालायच्या. हिवाळ्यात धुक्यातून ऊन यायला दुपार व्हायची, तेव्हा त्या मला उचलून उन्हाच्या तुकड्यामागे सरकवत राहायच्या. "बिचारा मुकाट्याने उभा राहतो," असं कौतुक करायच्या. मी मुकाट्याने उभा होतो हे खरं, पण बिचारा नव्हतो. मी समोरच्या बिल्डिंगवर लक्ष ठेवून होतो.

पुढे एका पावसाळ्यात पार्वतीबाई गेल्या. मला बाल्कनीत कोणी सरकवेनासं झालं. ऊन एकीकडे आणि मी दुसरीकडे, असे दिवस आले. कपडे ओलेच राहिले, की दोष मला. एक पाय गंजून आत मुडपला तो याच काळात. परीक्षितने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि "बिल्कुल नया हो गया" असं जाहीर केलं. म्हणजे पुन्हा पट्टीच.

मग एके दिवशी अश्लेषाने मला उचलून घरात आणलं.

मित्रांनो, अश्लेषा नोएडातल्या एका कंपनीत होती. लोक आजारी पडतात, दवाखान्याची बिलं विमा कंपनीकडे पाठवतात. ती बिलं खरी की खोटी हे तपासायचं तिचं काम. एकाच माणसाचं अपेंडिक्स दोनदा काढलेलं तिने पकडलं होतं. म्हणजे संशय घेण्याचा तिला पगार मिळत होता आणि मी तेच काम फुकट करत होतो. आमचं जमणारच होतं.

कंपनीने तिला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण एका अटीवर. लोकांचे आजारपणाचे कागद गुप्त असतात, म्हणून घरात वेगळी, बंद खोली हवी, जिथे दुसरं कोणी येणार नाही. घरात खोल्या दोन. एक अण्णासाहेबांची, दुसरी या तिघांची. अश्लेषाने कंपनीला "जी मॅडम, सेपरेट रूम है" असं सांगितलं आणि हॉलच्या कोपऱ्यात, फ्रिज आणि जेवणाच्या टेबलाच्या मध्ये, ती खोली बांधली. मी तिची भिंत झालो. माझ्यावर इस्त्री केलेली फिकट निळी चादर चिमट्यांनी ताणली, पुढे खुर्ची ठेवली, खुर्चीपुढे लॅपटॉप. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला शांत निळी भिंत दिसायची. चादरीच्या मागच्या बाजूला तनयाचे मोजे, परीक्षितचे बनियन आणि पोळ्यांच्या डब्यातलं फडकं वाळत असायचं. पुढून ऑफिस, मागून मोजे. एका अंगाला इस्त्री आणि एका अंगाला ओल, अशी नोकरी मी यापूर्वी कधी केली नव्हती.

परवानगी गेली तर काय होईल, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. द्वारकेहून नोएडा म्हणजे मेट्रोच्या निळ्या लाइनचं जवळजवळ हे टोक ते ते टोक. सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला परत. आणि तनयाची शाळेची बस भरदुपारी गेटवर यायची. मुलीला उतरवून घ्यायला शाळेचं कार्ड घेऊन आलेलं मोठं माणूस लागायचं. अश्लेषा घरी नसेल तर तनयाला घेणार कोण? कोणीच नाही, म्हणून मग नोकरी सोडायची. हा हिशोब परीक्षित आणि अश्लेषाने माझ्यासमोर अनेकदा केला आणि दर वेळी उत्तर तेच आलं. अगदी सुरुवातीला अश्लेषाने अण्णासाहेबांना विचारूनही पाहिलं होतं.

"अण्णा, दुपारी तनयाला गेटवरून तुम्ही आणाल का?"

"आणलं असतं गं. पण गुडघा बघ ना."

अश्लेषाने गुडघा बघितला. मीही बघितला. रोज सकाळी पार्कात ज्येष्ठ मंडळींबरोबर फेऱ्या मारताना हाच गुडघा असायचा, असा आम्हा दोघांचा दाट संशय होता. पण सासऱ्यांच्या गुडघ्याचं बिल मागता येत नाही.

तर अशा त्या कोपऱ्यात मी पाहिलं, की सगळेच सगळ्यांवर संशय घेतात. कंपनीला संशय, की घरी बसलेली बाई भाजी निवडते. म्हणून त्यांनी लॅपटॉपमध्ये एक हिरवा ठिपका बसवला होता. माऊस थोडा वेळ हलला नाही की ठिपका पिवळा पडायचा आणि भसीन मॅडमचा निरोप यायचा, "अश्लेषा, ऑल गुड?" भसीन मॅडम म्हणजे तिच्या साहेबीणबाई. परीक्षितला संशय, की बायको दिवसभर घरात असूनही इस्त्रीचे कपडे देत कशी नाही. शेजारच्या स्वरूपाताईंना संशय, की ही लॅपटॉपवर मालिका बघते. तनयाला तर सगळ्यात मोठा संशय.

"मम्मा, तू भसीन मॅडमला सांगितलंस ना, तू रूममध्ये आहेस?"

"हो."

"पण रूम कुठे आहे?"

"ही काय."

"ये तो चद्दर है यार!"

"तनया, हळू बोल. आणि आईला यार म्हणायचं नाही."

मी मात्र या सगळ्यांवर लक्ष ठेवून होतो. आणि लवकरच माझी नजर एका माणसावर येऊन थांबली.

रोज दुपारी बसची वेळ झाली की अश्लेषा कानावरचं यंत्र काढून फेकायची, चपला अडकवायची आणि लिफ्टकडे पळायची. लॅपटॉप बंद करायचा नियम होता, पण बंद केला की ठिपका लगेच पिवळा, म्हणून ती तो तसाच उघडा टाकून जायची. दार लागलं, की अण्णासाहेबांच्या खोलीचं दार किंचित किलकिलं व्हायचं. आधी चष्मा बाहेर यायचा. मग अण्णासाहेब. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, आणि तरातरा चालत (गुडघा कुठेही आड येत नसे) सुनेच्या खुर्चीत बसायचे. मी खुर्चीच्या मागे. मला त्यांची पाठ दिसायची, हात दिसायचे नाहीत. खांदा तेवढा हळूहळू, गोल गोल फिरायचा. लिफ्टचा आवाज आला की ते उठायचे, उशी जागेवर ठेवायचे आणि पुन्हा खोलीत. अश्लेषा दमलेल्या मुलीला आणि फुगलेल्या दप्तराला घेऊन आत यायची, तेव्हा अण्णासाहेब आतून विचारायचे, "कोण, अश्लेषा का? आलीस?" आवाज झोपेतून उठल्याचा.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. सून कोणाशी काय बोलते ते हा माणूस वाचतो. मग पार्कात जाऊन सांगतो. एवढंच नाही, अश्लेषा मीटिंगमध्ये असताना तो चादरीच्या मागे, मोजे आणि बनियनच्या मध्ये, कान देऊन उभा राहायचा. मोज्याचं पाणी त्याच्या टकलावर टपकायचं, तरी हलायचा नाही. साध्या माणसाला एवढी चिकाटी कशाला लागते?

अश्लेषालाही वास लागला. एकदा ती बसायला गेली आणि थबकली. खुर्ची गरम होती. दुसऱ्या दिवशी तिला कीबोर्डच्या फटीत बडीशेपेचा दाणा सापडला. दोनदा काढलेलं अपेंडिक्स पकडणारी बाई ती. तिने दाणा बोटावर घेऊन उजेडात पाहिला.

"परीक्षित, माझ्या लॅपटॉपवर तू मॅच बघतोस?"

"मी? मी तर ऑफिसात असतो दिवसभर!"

"बडीशेप कोण खातं या घरात?"

"सगळेच खातात. तू पण खातेस."

"मी खाते, पण मी माझ्यावर संशय घेतलेला नाही अजून."

प्रकरण तिथेच राहिलं. बडीशेप सगळ्या घराची होती, पुरावा कमकुवत होता.

मग तो डिसेंबरचा दिवस आला. तनयाच्या शाळेत वार्षिक समारंभ होता. तनया त्यात लिंबाचं झाड होणार होती. अश्लेषाने रीतसर अर्ध्या दिवसाची रजा मागितली, भसीन मॅडमनी रीतसर दिली. तिने परीक्षितला सांगितलं, स्वरूपाताईंना सांगितलं, झाडाला तर सांगितलंच. अण्णासाहेबांना कोणी सांगितलं नाही. त्यांना काही सांगायची घरात पद्धतच राहिली नव्हती. पार्वतीबाई होत्या तेव्हा त्या सांगायच्या.

दुपारी जेवणं झाल्यावर अश्लेषा घाईघाईने रेशमी साडी नेसली, कागदी लिंबांची पिशवी उचलली आणि पळाली. लॅपटॉप सवयीने उघडाच. दार लागलं. खोलीचं दार किलकिलं झालं. चष्मा आला. अण्णासाहेब खुर्चीत बसले, खांदा गोल फिरायला लागला.

लिफ्टचा आवाज येईना. अण्णासाहेब उठेनात. त्यांनी आपली दुपारची झोप सोडली. चहा सोडला. ऊन बाल्कनीतून निघून गेलं तरी खांदा फिरतच होता. मध्येच लॅपटॉपने टुण् केलं. अण्णासाहेब पुढे वाकले. पुन्हा टुण्. आणखी एकदा टुण्. दर वेळी त्यांनी वाकून बोट उचललं, क्षणभर विचार केला आणि हलकेच टेकवलं. मला वाटलं, सापडला! आज याने काहीतरी विकलं.

मित्रांनो, काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. भसीन मॅडमचा फोन आला आणि त्यांनी ताबडतोब कॅमेऱ्यावर यायला सांगितलं. अश्लेषा निळ्या चादरीपुढे बसली. स्वयंपाकघरात परीक्षित डबा भरत होता, तनया दात घासत फिरत होती, आणि चादरीच्या मागे अण्णासाहेब येऊन उभे राहिले.

"अश्लेषा, कल दोपहर तुम लीव पर थीं," भसीन मॅडम म्हणाल्या. आवाज थंड होता.

"जी मॅम. बेटी का ॲन्युअल डे था."

"तुम्हारा सिस्टम शाम तक ग्रीन था. एक मिनट के लिए भी यलो नहीं हुआ. इतना तो तुम काम वाले दिन भी नहीं रहतीं."

अश्लेषाची मान त्या हिरव्या ठिपक्याकडे वळली.

"मैंने मेसेज किया, 'अश्लेषा, तुम तो लीव पर हो ना?' जवाब में अंगूठा आया. मैंने पूछा, 'तो फिर ये काम कौन कर रहा है?' फिर से अंगूठा. मैंने पूछा, 'तुम अश्लेषा ही हो ना?' तो दो अंगूठे आए."

अश्लेषाचा चेहरा माझ्याकडे नव्हता, पण तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

"पेशेंट्स के पेपर्स खुले थे, अश्लेषा. कोई बाहर का आदमी बैठा था तुम्हारी कुर्सी पर. बताओ कौन था, नहीं तो मुझे आज ही तुम्हारा अकाउंट बंद करना पड़ेगा. और फिर नौकरी का मैं कुछ नहीं कह सकती."

"मॅम, सच में मुझे नहीं पता," अश्लेषा म्हणाली. ती खरं बोलत होती, आणि कोणाच्याही कानांना ते खोटं वाटलं असतं. माझ्यासुद्धा.

तेव्हा चादरीच्या मागे हालचाल झाली. अण्णासाहेबांनी चादर बाजूला करायला हात घातला. त्यांचा हात लागला तो नेमका माझ्या पट्टी लावलेल्या पायाला. बिजागरी सुटली. मी भिंत होतो, तो आधी वाकलो, मग बसलो, मग आडवा झालो. निळी चादर अश्लेषाच्या डोक्यावर. आणि कॅमेऱ्यासमोर आमचं सगळं घर. फ्रिज, त्यावरची बरणी, तोंडात ब्रश घेतलेली तनया, हातात पोळी धरलेला परीक्षित, आणि अगदी मध्यभागी, एका खांद्यावर लहान मुलीचा मोजा पडलेले, सावधान स्थितीत उभे अण्णासाहेब.

"मॅडम," अण्णासाहेब म्हणाले, "सविनय निवेदन है कि वह आदमी मैं हूँ."

चादरीतून अश्लेषाचं डोकं बाहेर आलं. भसीन मॅडमनी विचारलं,

"आप कौन?"

"इनका ससुर. रिटायर्ड अंडर सेक्रेटरी. मैंने एक भी काग़ज़ नहीं पढ़ा. बिना इजाज़त फ़ाइल पढ़ना मेरे उसूल में नहीं है. मैंने सिर्फ़ हाज़िरी लगाई." त्यांनी हवेत हात गोल फिरवून दाखवला, जसं कोणी ताक घुसळावं. "बहू बच्ची को लेने नीचे जाती है, तो बत्ती पीली हो जाती है. मैं हिलाता रहता हूँ, हरी रहती है."

"और वो अंगूठे?"

"मॅडम, सीनियर अफ़सर का नोट आए और जवाब न दो, तो बदतमीज़ी होती है."

 मग अण्णासाहेबांनी आवाज खाली आणून मराठीत सुनेला सांगितलं. "अगं, आमच्या वेळी खुर्चीवर कोट ठेवायचो. माणूस खाली चहाला गेला, बँकेत गेला, तरी कोट खुर्चीवर. साहेब आला, कोट बघितला, गेला. सगळं सरकारी भवन कोटांवर चालायचं. तू परीक्षितला सांगत होतीस, ठिपका पिवळा पडतो म्हणून. मी ऐकलं. मीटिंगच्या वेळीही मागे उभा राहायचो, ठिपक्यावरून तुझ्या साहेबीणबाई रागावतात का ते ऐकायला. म्हटलं, पोरीचा कोट आपण व्हावं."

इतके दिवस मी ज्याला हेर समजत होतो, तो कोट निघाला. पण मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीच नसती.

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने पुसलं. आणि मग तिच्यातली तपासनीस जागी झाली. तिने बिलाकडे बघावं तसं सासऱ्यांकडे पाहिलं.

"अण्णा, रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"मी खाली पळायचे, तेव्हा रोज तुम्ही इथे येऊन बसायचात."

"हो ना!"

"म्हणजे त्या वेळेला तुम्ही मोकळे असायचात."

"हो... म्हणजे तसा मोकळाच."

"मग अण्णा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही माझ्या खुर्चीत बसण्याऐवजी तनयाला आणायला का नाही गेलात? मी तर खुर्चीत बसलेलेच होते."

परीक्षितच्या हातातली पोळी तशीच राहिली. तनयाने ब्रश काढला. अण्णासाहेबांनी गुडघ्याकडे पाहिलं, पण आता त्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नव्हता. तो रोज तरातरा चालत आलेला होता.

"अंकल जी," लॅपटॉपमधून भसीन मॅडम म्हणाल्या, "मराठी मुझे नहीं आती, पर सवाल समझ में आ गया. जवाब मैं भी सुनूँगी. मेरे घर में भी एक ससुर जी हैं."

अण्णासाहेबांनी खांद्यावरचा मोजा काढला. त्याची घडी घातली.

"गेटवर सगळ्या बायका असतात," ते म्हणाले. "आणि मोलकरणी. त्यांच्यात जाऊन उभं राहायचं. कोणी ओळखीचं भेटलं आणि म्हणालं, साहेब, तुम्ही इथे कसे, तर सांगायचं काय?"

  अश्लेषाने चादर उचलली आणि घडी करायला घेतली. आता ती परत लावण्यात काही अर्थ नव्हता.

नोकरी वाचली. भसीन मॅडमनी वर काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण माफीनाम्यावर सुटका झाली. घरून काम करायची परवानगी मात्र गेली. खोली नाही, हे सगळ्यांनी बघितलं होतं. सोमवारपासून नोएडा. आणि तो जुना हिशोब पुन्हा टेबलावर आला, तनयाला घेणार कोण? त्या संध्याकाळी परीक्षित म्हणाला, "एखादी बाई बघू." अश्लेषा म्हणाली, "सोमवारपर्यंत कुठून मिळणार? मी राजीनामा लिहून ठेवते." सासऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही.

"मी जाईन," अण्णासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं मी इतकी वर्षं सगळ्यांकडे बघत आलो आहे.

"रोज?" अश्लेषाने विचारलं.

"रोज."

"पाऊस असला तरी? मॅच असली तरी?"

"अगं, हो म्हटलं ना!"

"हो तर गुडघ्याच्या वेळीही म्हटलं असतंत तर बरं झालं असतं," ती म्हणाली. पण राजीनामा काही तिने लिहिला नाही.

सोमवारी मी पुन्हा बाल्कनीत होतो, पायाला नवी पट्टी लावून. तिथून गेट दिसतं आणि ऐकूही येतं. अण्णासाहेब वेळेच्या बरेच आधी खाली गेले. कोट घालून. बायकांच्या घोळक्यापासून लांब, झेंड्याच्या खांबाशेजारी उभे राहिले, जणू खांबच बघायला आले आहेत. बस आली. बसवाली दीदी मुलं उतरवू लागली. तनया दारात आली. अण्णासाहेब पुढे झाले.

"आप कौन?" दीदीने तनयाला मागे ओढलं.

"दादा हूँ इसका."

"कभी देखा नहीं आपको. कार्ड दिखाइए."

अण्णासाहेबांनी रुबाबात खिशातून कार्ड काढलं. दीदीने ते उलटंसुलटं पाहिलं. "ये तो सरकारी दवाई का कार्ड है. स्कूल वाला दिखाइए." शाळेचं कार्ड फ्रिजवर होतं. घोळक्यातल्या बायका बघत होत्या. त्यांच्यातलं कोणीही पुढे येईना, कारण तिथे अण्णासाहेबांना ओळखणारं कोणीच नव्हतं. इतकी वर्षं ज्या ओळखीच्या माणसाला ते घाबरत होते, तो काही आला नाही.

दीदीने तनयाला विचारलं, "बेटा, तू जानती है इनको?"

तनयाने आजोबांना खालून वर नीट न्याहाळलं. घरातच संशय इतका मुरलेला, की मुलगी पटकन हो कशी म्हणणार?

"हाँ," ती म्हणाली. "मेरे दादा जी हैं. ये कुछ नहीं करते, घर पे ही रहते हैं."

बायका हसल्या. अण्णासाहेबांचे कान तांबडे झालेले मला दुसऱ्या मजल्यावरून दिसले. दीदीचं समाधान झालं नाही. तिने अश्लेषाला फोन लावला, आवाज मोठा करून. नोएडाच्या ऑफिसच्या गोंगाटातून अश्लेषाचा आवाज आला, "हाँ जी दीदी, ससुर जी हैं मेरे. दे दीजिए. अब से वही आएँगे." मागून भसीन मॅडमचाही आला, "अंकल जी आ गए?"

मग तनया उतरली. अण्णासाहेबांनी दप्तर उचललं आणि एका बाजूला वाकले.

"रोज एवढं असतं?"

"हो. मम्मा एका हाताने उचलते."

वर आल्यावर त्यांनी तनयाचा शर्ट बदलला. पाण्याची बाटली त्यावर सांडली होती. शर्ट नळाखाली धरला आणि न पिळता तसाच आणून माझ्यावर टाकला. पाण्याची धार थेट पहिल्या मजल्यावर. खालून आवाज आला, "अरे, कौन है ऊपर?"

अण्णासाहेब दचकले. आधी खोलीकडे बघितलं, मग दाराकडे. तनया सोडली तर घरात दुसरं कोणीच नव्हतं. मग ते कठड्यावरून वाकले.

"मैं हूँ जी," ते म्हणाले. आणि शर्ट काढून पिळायला लागले.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झालं की चांगलं. मी एवढ्यात काही म्हणणार नाही. सोमवारी कोणीही जातं. मी मंगळवारची वाट बघतो आहे, आणि त्यानंतरच्या सगळ्या वारांची. तोवर तुम्हाला एकच विनंती. आपल्या घरात एखादा स्टँड असेल, किंवा एखादी आई असेल, आणि ती मुकाट्याने उभी राहत असेल, तर तिला वजन नाही असं समजू नका. कपडे पिळून घाला. तिचा एक पाय आत मुडपायला लागला असेल तर त्यावर पट्टी चिकटवून बिल्कुल नया झाला म्हणू नका. वाकून बघा. आणि ती रोज लिफ्टकडे पळत असेल आणि तुम्ही खुर्चीत बसलेले असाल, तर आधी तुम्ही उठा.